काठाच्या तुकड्यातली उरुळी

पारुक्कुट्टी वल्यम्मा ही माझी मोठी काकू. केरळात मान्नारला आमच्या घरी काशाची भांडी ओततात. लग्न होऊन ती आली गाडीची चाकं करणाऱ्यांच्या घरातून, आणि बाबा तिला त्यावरून अजूनही चिडवतात. काका गेल्यावर साच्यावर मेणाचा थर चढवायचं काम तिनं घेतलं. तिचा हात मेणावर फिरताना मी पुष्कळदा पाहत बसे. कुठे थांबायचं हे त्या हाताला आधीच ठाऊक असावं, असं वाटे.

त्या वर्षी डोंगरावरच्या देवळाची मोठी उरुळी, म्हणजे पायस शिजवायचं काशाचं पसरट भांडं, तडकली. आमच्याकडे रीत अशी, की जुन्या भांड्याचा कणही बाहेर ठेवायचा नाही. सगळं काशं नव्यात गेलं पाहिजे. ती फोडायला ज्योतिष्यानं काढलेला मुहूर्त सकाळचाच निघाला. घाईघाईनं घण पडला, तुकडे गाडीतून घरी येऊन मुशीत गेले, वितळून त्यांच्या लाद्या पडल्या. मग बाबांनी विचारलं, "वहिनी, रुंदी किती भरली?"

"मला काय विचारता? तुम्ही मोजली ना?"

"मी? मला वाटलं तुम्ही मोजलीत!"

कुणीच मोजली नव्हती. देवळाच्या चुलीचे दगडी खांदे जुन्या काठासाठीच घडवलेले होते. उरुळी लहान झाली तर आत घसरणार, मोठी झाली तर डुगडुगणार. तिथल्या स्वयंपाकघरात आम्हाला पाऊल टाकता येत नाही. आतल्या पुजाऱ्यानं सुतळी लावून दोनदा माप पाठवलं, दोन्ही वेळा वेगळं. उत्सव तोंडावर आला होता, आणि एकदा ओतलेलं काशं परत घेता येत नाही.

दोन दिवसांनी दुपारी तुकडे आणलेली गाडी झाडताना पोत्याखाली काठाचा एक तुकडा सापडला, हातभराहून जरा लांब, चंद्रकोरीसारखा वाकलेला.

"टाका मुशीत," बाबा म्हणाले. "माप माझ्या डोक्यात आहे. माझे वडील साच्याचा मातीचा गाभा घडवायचे तेव्हा मापाची फळी मीच धरायचो. सेहेचाळीस बोटं."

"थांबा भाऊजी. आधी याला विचारू."

वल्यम्मानं तुकडा अंगणात ठेवला. त्याच्या बाहेरच्या कडेच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणला. तीस बोटं. दोऱ्याच्या मध्यापासून काठापर्यंत काडी धरली. पाच बोटं.

"दोऱ्याचा निम्मा पंधरा," ती मला म्हणाली. "पंधरा गुणिले पंधरा?"

"दोनशे पंचवीस."

"त्याला काडीनं भाग."

"पंचेचाळीस."

"त्यात काडी मिळव. वर्तुळाच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत जा, मध्ये वाकू नकोस. तेवढं अंतर. पन्नास."

"उरुळी म्हणजे बैलगाडीचं चाक नव्हे, वहिनी," बाबा म्हणाले. "चार बोटं चुकलीत."

"चाक मोडलं की माझे वडील एका तुकड्यावरून सगळं चाक सांगायचे. कधी गाडी लंगडली नाही."

"आणि माझे वडील? त्यांनी काय डोळे मिटून गाभा घडवला?"

वल्यम्मा पुन्हा खाली बसली. मेणावर फिरायचा तोच हात आता काठावरून फिरला, पण आडवा, बाहेरून आत. मग तिनं काठाच्या रुंदीवर आपली दोन बोटं ठेवली. बरोबर मावली.

"भाऊजी, फळी कशाला लावायचात? मेणाला की मातीच्या गाभ्याला?"

"गाभ्याला. मेण नंतर."

"म्हणजे तुमचं माप आतलं. माझं बाहेरचं. या बाजूला दोन बोटं काठ, त्या बाजूला दोन."

बाबांनी ओठ हलवत बेरीज केली. मग तुकडा उचलून स्वतःची बोटं ठेवून बघितली. त्यांची जरा जाड होती, तरी समजलं.

"चाकवाल्यांच्या घरची," ते पुटपुटले. "सोडत नाही काही."

गाभा सेहेचाळिसाचा झाला. त्यावर वल्यम्मानं मेणाचा काठ पन्नासापर्यंत नेला. साचा भाजून ओतायची वेळ आली तेव्हा तो तुकडा अजून वल्यम्माच्या चिमट्यात होता. मी म्हटलं, "राहू दे ना वल्यम्मा. पुढं कधी चुकलं तर ताडून बघता येईल."

"देवाचं आहे ते. आणि ताडून झालंय की."

तिनं तुकडा मुशीत सोडला. काठ आधी लाल झाला, मग त्याचा वाक गेला, मग तो उरलाच नाही. बाबांनी होकारार्थी मान हलवली आणि वल्यम्मानं ओतायला सांगितलं.