मागच्या खोलीपर्यंतची वायर

आमच्या ह्यांना गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. टेस्टर म्हणतात. तीस वर्षं वायरमनचं काम आणि खिशाला कायम टेस्टर. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशातून त्याचं लाल डोकं बाहेर आलेलं आहे. फोटोवाल्यानं दोनदा सांगूनही काढला नाही. माणूस किती हट्टी आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण अक्कल गहाण पडली होती माझी.

दीड वर्षापूर्वी एका कारखान्यात ह्यांना शॉक बसला. जीव वाचला, पण उजव्या हाताच्या तीन बोटांत काही कळेनासं झालं. काम सुटलं. तेव्हापासून घर माझ्या एकटीच्या पगारावर. मी एका कंपनीतर्फे दवाखान्याचे फोन घेते, पेशंटना डॉक्टरांची वेळ देते. गेल्या महिन्यात आमच्या कंपनीनं ऑफिसच बंद केलं. म्हणे घरून काम करा. अट एकच: वायफाय चालणार नाही, कॉम्प्युटर थेट वायरीनं जोडलेला हवा. शुक्रवारी अकरा वाजता लाइनची परीक्षा. नापास झालात तर नाव कमी, दुसरी संधी नाही.

राउटर पुढच्या खोलीत. बसायला शांत जागा एकच, मागची खोली. मधे स्वयंपाकघर आणि दोन भिंती.

"केबलवाल्याला बोलवू या," मी म्हटलं.

"अख्ख्या गावात उजेड पाडला मी, आणि माझ्याच घरात वायर ओढायला परका माणूस? लोक तोंडात शेण घालतील."

"लोक येणार आहेत का माझी नोकरी करायला?"

ऐकतील तर शपथ! तीन दिवस शिडीवर. काम मात्र बघत राहावं असं. भिंतीच्या कडेनं सरळ रेषेत पट्टी, कोपऱ्यात सुबक वळण. हातोडीचा घाव बोटावर बसला तरी ह्यांना कळायचं नाही, रक्त दिसलं की कळायचं. मी ओरडायचे, ते हसायचे. दीड वर्षात पहिल्यांदाच हसत होते, म्हणून पुढचं सगळं मी गिळलं.

गुरुवारी दोन्ही टोकांना प्लग बसवले. त्या वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार रंगीत जोड्या. ह्यांनी जोडीशेजारी जोडी लावली, दोन्हीकडे अगदी सारखी. मग बॅटरी आणि छोटा दिवा लावून एकेक तार तपासली. आठही वेळा दिवा लागला.

"करंट पोचला म्हणजे झालं," ते म्हणाले. तीस वर्षं त्यांचं हेच गणित होतं, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

शुक्रवारी अकराला परीक्षा घेणाऱ्या बाई स्क्रीनवर आल्या. दोन मिनिटांत म्हणाल्या, "मॅडम, आवाज तुटतोय." लाइन गेली. आली. पुन्हा गेली. शेवटी त्यांनी फोन केला. "साडेअकराला माझी यादी बंद होते. तोवर जोडता आलं तर बघा."

मग माझा तोल गेला. "फिटली हौस? तुमच्या मानापायी माझी नोकरी चालली! शॉक हाताला बसला होता का डोक्याला?"

बोलले आणि जीभ झडून जावी असं वाटलं. ह्यांनी खिशातून फोन काढला आणि स्वतः केबलवाल्याला लावला. "भाऊ, मी टेस्टर. जरा चुकलंय माझं. सांगता का?"

ह्या माणसाच्या तोंडून "चुकलंय" मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

प्लगचा फोटो बघून केबलवाला म्हणाला, "काका, ही विजेची वायर नाही. करंट जाईल, पण डेटा एकमेकांत मिसळेल. हिरवी जोडी फोडा, मधे निळी घाला." त्यानं रंगांचा क्रम सांगितला, ह्यांनी डाव्या हातानं भिंतीवरच लिहून घेतला. मग प्लग कापला आणि तारा ओळीत लावायला बसले. आठातल्या पाच हातातून निसटल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा निसटल्या.

"तू लाव," म्हणाले. "मला तारा लागतच नाहीत हाताला."

मी लावल्या. ते एकेक रंग वाचत होते. मागच्या खोलीतला प्लग झाला, पुढच्या खोलीतला एक वाया गेला, दुसरा बसला. धावत येऊन वायर जोडली. लॅपटॉपला प्लगपाशी हिरवा दिवा लागला तो विझलाच नाही. बाईंना फोन लावला, उचलला नाही. स्क्रीनवर कंपनीचा निरोप आला होता: वेळ संपली आहे, आपले नाव यादीतून कमी करण्यात आले आहे. अकरा अडतीस झाले होते.

ते दारातच उभे होते. चष्मा पुढच्या खोलीत राहिला होता, त्यामुळे त्यांना फक्त तो दिवा दिसत होता.

"पास झालीस ना?"

मी लॅपटॉप मिटला. "झाले."

त्यांनी डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडला, "मग सोमवारपासून दार लावून बसायचं. मधेमधे उठायचं नाही. स्वयंपाकाचं मी बघतो, एका हातानं जमेल तसं."

मी बरं म्हटलं.