अकोल्यात केलेली कटिंग

मंडळी, चहा घ्या, पण कपबशी जरा घट्ट धरा. मी आता जे सांगणार आहे ते ऐकताना आमच्या शेजाऱ्यांनी एकदा अख्खा कप स्वतःच्या धोतरावर सांडला होता! गाढवपणा कोण करत नाही हो? सगळेच करतात. पण ऐन पोरगी पाहायच्या दिवशी? आणि तोही साधे केस कापायला गेलो असताना?

साठ-एकसष्टची गोष्ट. मी तेव्हा अमरावतीला एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. वय चोवीस, अंगानं काडी आणि डोक्यावर हे एवढं रान! अकोल्याच्या मावशीनं माझ्यासाठी एक स्थळ काढलं आणि निरोप धाडला, रविवारी तीन वाजता पोरगी पाहायला ये.

माझ्या शेजारच्या टेबलावर वासुदेव बसायचा. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, म्हणजे तो या विषयातला जाणकार! मी म्हटलं, शनिवारी केस कापून घेतो. तो उडालाच.

"अबे दिनकर, पोट्टी अकोल्याची अन् कटिंग अमरावतीची? अकोल्यातच कर! तिकडची फ्याशन तिकडच्याच कारागिराले कळते."

"पण चांगलं सलून ओळखायचं कसं?"

"आरसा पाह्य. ज्याचा आरसा मोठा, त्याचा हात चांगला. अन् गिऱ्हाईकासारखं गिऱ्हाईक होऊन ऱ्हाय. एकदा सांगून देल्लं का डोये मिटून गप बसाचं. कारागिराच्या कामात तोंड घातलं का कटिंग बिघडली समज!"

काय पटलं मला ते! रविवारी पहाटे उठलो, बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली आणि अंगात माझा एकुलता एक चांगला शर्ट, पांढराशुभ्र पॉपलिनचा, तो चुरगळू नये म्हणून अकोल्यापर्यंत पाठ न टेकता ताठ बसून गेलो. मावशीकडे जेवलो आणि एक वाजता सलूनच्या शोधात निघालो.

पहिलं दुकान पाहिलं. आरसा तळहाताएवढा. नापास! दुसऱ्या दुकानातल्या आरशाला तडा. नापास! तिसरं दुकान दिसलं आणि मी जागच्या जागी थांबलो. आरसा केवढा? माणूस पायाच्या नखापासून दिसेल एवढा! समोर खुर्ची. वर पाटी, 'मॉडर्न कटिंग'. पाटीचा पुढचा भाग उन्हासाठी लावलेल्या ताडपत्रीनं झाकला होता, पण मला तो वाचायची गरजच काय होती? कटिंग म्हणजे कटिंग!

आत एक पन्नाशीचा माणूस उभा. गळ्यात पट्टा. आमच्या अमरावतीच्या न्हाव्याकडेही वस्तऱ्याला धार लावायचा पट्टा असतो, पण तो चामड्याचा. याच्या पट्ट्यावर चक्क आकडे! कानावर पांढरा खडा. मी म्हटलं, तुरटी असणार. आणि हातातली कैची? बोकड सोलावा एवढी! पण मी विचार केला, गाव मोठं तर कैचीही मोठीच असणार की!

"या साहेब, बसा. मले मास्तर म्हणतात सारे. काय काम होतं?"

"कटिंग. पण अर्जंट हं, मास्तर. तीन वाजता पोरगी पाहायला जायचंय!"

"अरे वा वा! मंग तं तुमचंच पयले करतो. सांगा, कशी पाह्यजे?"

"एकदम लेटेस्ट. शर्ट काढू का?"

"काढा ना. काढल्याबिगर कसं होईन?"

मी शर्ट काढून त्याच्या हातात दिला आणि बनियनवर आरशासमोर बसलो. चांगलं गिऱ्हाईक एकदाच सांगतं, तेव्हा मी स्पष्ट सांगायचं ठरवलं.

"मागून बारीक करा. एकदम फिट."

"बरं."

"मानेवर काही म्हणजे काही नको. साफ!"

मास्तर घुटमळला. "मानेवर... काईच नाई?"

"गुळगुळीत!"

"अमरावतीले अशी फ्याशन निंगाली काय?"

"निघाली असं समजा!"

"अन् बाजूचं?"

"बाजू अर्ध्या करा."

"दोनी बाजू?"

"मग काय एक ठेवून एक कापता?" मी खो खो हसलो. तोही हसला. केवढा मनमोकळा कारागीर, म्हटलं!

"अन् समोरून?"

"समोर फुगा. चांगला मोठा! रस्त्यानं जाताना लोकांनी वळून पाहिलं पाहिजे."

"पाह्यतीन," मास्तर गंभीरपणे म्हणाला. "नक्की पाह्यतीन. जरा हात वर करा."

मी दचकलो. आता काय सांगू, त्या काळी न्हावी काखासुद्धा साफ करून देत. पण भर बाजारात, उघड्या दारात? "नाही नाही मास्तर, काखेतलं राहू द्या!"

"काखेत ढिलं ठेवू?"

"जसं आहे तसं ठेवा!"

त्यानं तो आकड्यांचा पट्टा माझ्या छातीभोवती गुंडाळला. केस कापायला छाती कशाला मोजतात, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण वासुदेव आठवला. गप बसलो.

"मंग मारतो मशीन," तो म्हणाला.

"मारा. पण जपून. मागच्या खेपेला मशीननं रक्त निघालं होतं."

"अरे बापा! बोट सापडलं काय? कोनाचं, कारागिराचं?"

"कारागिराचं कशाला? माझं!"

मास्तरनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं, शर्ट घेतला आणि पडद्यामागे गेला. मी डोळे मिटले. आतून खडखड, खडखड मशीन सुरू झालं. वा! चालवून पाहतोय, तेल घालतोय, मग येईल. पहाटेचं जागरण, मावशीचं वरणपोळीचं जेवण आणि वरून ती खडखड. मला कधी डोळा लागला, कळलंच नाही.

"घ्या साहेब! झाली कटिंग!"

मी उठून आरशात पाहिलं. रान जसंच्या तसं! उलट झोपेनं एका बाजूला वादळ होऊन गेल्यासारखं दिसत होतं.

"अहो मास्तर, कुठं झाली? काहीच तर कापलं नाही!"

"काईच नाई? अन् हे काय मंग?"

आणि त्यानं माझा शर्ट माझ्यासमोर धरला.

मंडळी, तो शर्ट डोळ्यांसमोर आणा. मान साफ, म्हणजे कॉलर गायब! बाजू अर्ध्या, म्हणजे बाह्या कोपरापर्यंत! मागून इतका फिट की माझ्या अंगात गेला तर फाटल्याशिवाय बाहेर येणार नाही. आणि समोर? समोर चुण्या घालून घालून हा एवढा फुगा! आठव्या महिन्यातल्या बाईला घालावा असा!

"हे... हे काय केलंत?" मी ओरडलो. "मी केस कापायला आलो होतो!"

"केस?" मास्तरनं कैची खाली ठेवली. "मायबाप, मी शिंपी हाये!"

मग खडू दिसला. टेप दिसला. पडद्याआडून शिलाईचं यंत्र दिसलं. दुपारची पावणेतीनची वेळ, अंगात बनियन, डोक्यावर रान आणि मी! मला रडू येणार हे पाहून मास्तरच हळहळला.

"मले वाटलंच होतं, हे कायी तरी इपरीत हाये. पन गिऱ्हाईकानं सांगतलं तं आपन कायले बोलाचं? थांबा." त्यानं खुंटीवरून एक कोरा शर्ट काढला. टेरेलिनचा! बदामी रंग, बारीक हिरवी रेघ, शिंपल्याची बटनं. टेरेलिन तेव्हा आमच्यासारख्यांनी दुकानाच्या काचेतूनच पाहिलेलं. "एका गिऱ्हाईकाचा हाये. त्याले उद्या देल्ला तरी चालते. आजच्या दिवस घाला, संध्याकाळी आनून द्या. पन डाग पडू देऊ नका हो!"

शर्ट मला तंबूसारखा झाला. पण तंबू टेरेलिनचा होता! मी धावत सुटलो.

मावशी दारातच उभी. "काहून रे दिनू, केस कापाले गेला होता ना?"

"हो."

"मंग?"

"शर्ट कापून आलो."

तिनं पुढचं विचारायच्या आत मी डोक्यावर तेल थापलं आणि आम्ही निघालो.

मुलीचे वडील बापूराव ओट्यावरच उभे होते. उंचपुरे, भरदार गृहस्थ, कापसाचे दलाल. पण अंगात एक जुना, खांद्यावर विरलेला सदरा. आम्हाला बसवता बसवताच ते म्हणाले, "माफ करा, असं घरच्या कपड्यात बसा लागते. आजच्यासाठी खास नवा शर्ट शिवाले टाकला होता. शिंप्यानं दगा देल्ला! आता माणूस धाडला त्याच्याकडं."

मी स्वतःचीच समजूत घातली. नाही हो, अकोल्यात काय एकच शिंपी आहे?

बापूराव माझ्याकडे पाहत होते. मग माझ्या शर्टाकडे पाहू लागले. मग पुढे वाकून पाहू लागले.

"कापड झ्याक हाये. असंच मी नागपुरावून आनलं होतं. अशीच रेघ. तुमी कुठून घेतलं?"

इथं तरी खरं बोलावं की नाही? पण तेवढ्यात पोह्यांची ताटली आणि चहा घेऊन त्यांची मुलगी शालिनी बाहेर आली आणि तिला पाहताच माझी अक्कल उरलीसुरली तीही गेली!

"अमरावतीला!" मी म्हणालो. "खास मापानं शिवून घेतला."

शालिनीनं माझ्या तळहातांवरून खाली लोंबणाऱ्या बाह्यांकडे पाहिलं. ताटली ठेवताना तिचे खांदे हसण्यानं हलले आणि ती आत पळाली.

"मापानं?" बापूराव म्हणाले.

"जरा सैलसरच आवडतं मला," मी म्हणालो आणि पोह्यांचा चमचा तोंडाशी नेला. बाही पोह्यांत! हळदीचा पिवळाजर्द डाग! मी तो लपवायला हात मागे घेतला, तर दुसरी बाही चहात!

आणि त्याच क्षणी सायकलची घंटी वाजली. धापा टाकत मास्तर ओट्यावर चढला. हातात माझा फुग्याचा शर्ट.

"बापूरावजी, पाया पडतो तुमच्या! तुमचा शर्ट तयार होता. पन काय सांगू, दुपारी दुकानात एक बैताड आलं! केस कापाले शिंप्याकडं! मी त्याचा हा शर्ट कापला, अन् त्याले पोट्टी पाह्याले जाचं होतं म्हणून दया येऊन तुमचा..."

बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली. तोंड उघडंच राहिलं.

"हेच ते!" तो म्हणाला.

मावशीनं पदर तोंडावर घेतला. बापूरावांनी मास्तरच्या हातातला शर्ट उलगडला. फुगा पाहिला, बिनकॉलरची मान पाहिली, मग माझं रान पाहिलं. आणि आतल्या खोलीतून असा हसण्याचा स्फोट झाला म्हणता! शालिनी, तिची आई, सगळेच. बापूराव मात्र उठून आत गेले. मी मावशीला म्हटलं, "चल, पाच वाजताची गाडी मिळेल." मावशी म्हणाली, "ह्या शर्टात? तो त्यायचा हाये. बस खाली!"

मी बसलो. खरं सांगतो, पाच मिनिटांपूर्वी पाहिलेली ती मुलगी मला एवढी आवडली होती की काही विचारू नका. तिचं ते हसू कानात आणि आता ती कधीच दिसणार नाही!

बापूराव बाहेर आले. चेहरा लाल. राग की काय, कळेना.

"पोट्टीले इचारलं," ते म्हणाले. "ती म्हणते, ह्या माणसाले खोटं बोलता येत नाई. बोलाले गेला तं दोन मिनिटांत पकडल्या जाते. असा नवरा बरा. तिची हो हाये."

मी उडी मारून उठलो आणि त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी वरच्यावर पकडलं.

"थांबा, थांबा! आंधी डोकं पाहा तुमचं. उद्या भाऊबंदाले सांगाचं म्हटलं तं हे ध्यान कसं दाखवू? चाला माह्यासंगं."

आणि त्यांनी मला स्वतः, दंडाला धरून, त्यांच्या नेहमीच्या न्हाव्याकडे नेलं. दुकानात शिरताना मी मात्र आता सावध! आधी वस्तरा पाहिला. ब्रश पाहिला. जमिनीवर पडलेले केस पाहिले. तरीसुद्धा न्हाव्याला विचारलंच, "भाऊ, तुम्ही इथं केसच कापता ना?"

न्हाव्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बापूरावांकडे. "हे कोन हाये, बापूरावजी?"

"जावई हाये माहा," बापूराव माझ्या गळ्यावर बोट ठेवत म्हणाले. "गयाच्या वरचं, जे पाह्यजे ते काप. पन गयाच्या खाली कैची आणू नको, बाप्पा. तो शर्ट माहा हाये!"