समुद्रात पाय टाकायची परीक्षा

कयाक फिरवून मंडळी परत आली की लाइफ जॅकेटं दोरीवर वाळत घालायचं काम माझ्याकडं असतं. एकेक जॅकेट झटकायला घ्यावं, तर पाण्याआधी किस्साच गळून पडतो. आता एवढे साठलेत की मी सांगते आणि नात टिपून घेते.

ही नात म्हणजे पूनम. डिंभे धरणामागं जे पाणी साठतं, त्या फुगवट्यावर लोकांना कयाक शिकवते. कयाक म्हणजे लांबट, निमुळती होडी. बसलं की पाय पसरायचे आणि वल्हं मारत सुटायचं. मी तिथं चहा-भाकरीचं बघते. यंदा पूनमनं ठरवलं, आपल्या मंडळींना कोकणात समुद्रावर न्यायचं.

मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पिंपळवंडीत नांदायला आले आणि गावातल्या बाळंतिणींना न्हाऊ घालण्यात उभी हयात गेली. मी पूनमला सांगितलं, "मी बी येणार. आन् नुसता बघायला न्हाई, पाय टाकायचाय मला त्यात."

पण समुद्रात डंख मारणारे जीव असतात. म्हणून पुण्याहून प्रथमोपचार शिकवायला एक सर आले. उंच, टोपीवाले, गळ्यात शिट्टी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जो परीक्षा पास होईल त्याचाच पाय पाण्यात. बाकीच्यांनी वाळूत बसायचं."

* * *

पहिला धडा जेलीफिशचा. सर म्हणाले, "छत्रीसारखी असते. खाली दोरे लोंबतात. दोरा अंगाला चिकटला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं आणि दोरा चिमट्यानं उचलायचा."

आमच्यात जुन्नरचे पारसशेठ आहेत, कापडदुकानवाले. घराणं मारवाडातलं, पण शेठ बोलतात आमच्यापेक्षा शुद्ध. मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणारा माणूस. त्यांनी हात वर केला.

"सर, दोरा उचलताना तिला लागणार नाही ना?"

"शेठ, डंख तुम्हाला झालाय."

"हो, पण माझं बरं होईल. तिचं कोण बघणार?"

सरांनी पुस्तकाची पानं मागंपुढं चाळली. जेलीफिशचा प्रथमोपचार त्यात नव्हता.

* * *

दुसरा आमचा गोविंद. वरच्या डोंगरातला, भात आणि नाचणी पिकवणारा. पोहायला लागला की मासे बाजूला होतात. त्यानं विचारलं, "सर, डंखावर मुतलं की उतरतंय म्हनं. खरं का?"

बायामाणसं होती, सर लाजले. म्हणाले, "अजिबात नाही. उलट आग वाढू शकते."

पारसशेठनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं तुम्ही सांगितलंत. मी कालपासून विचार करतोय, वेळ आली तर हे काम सांगायचं कुणाला?"

गोविंद म्हणाला, "शेठ, आपली एवढी वळख असताना परक्याला कशाला सांगायचं?"

त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही.

* * *

मग होडी उलटली तर काय, त्याचा सराव. नियम असा, की होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचं आणि तीनदा शिट्टी मारायची. शिट्टी ऐकून पूनम दुसऱ्या होडीतून येणार.

सरांनी गोविंदला आणि शेठना एका होडीत बसवून फुगवट्याच्या मधोमध उलटं केलं. दोघं होडीला धरून तरंगत राहिले. गोविंदनं तीनदा शिट्टी मारली, अगदी खणखणीत.

पूनमनं वल्हं उचलायच्या आत काठावर चरणाऱ्या गोविंदच्याच दोन म्हशी पाण्यात उतरल्या. रोज संध्याकाळी तो त्यांना अशीच शिट्टी मारून बोलावतो. दोघी नाक वर करून सरळ होडीकडं पोहत निघाल्या.

शेठ ओरडले, "गोविंदा, ह्यांना परत पाठव."

"आता आल्यात तर धरा की शेप्टी. पूनमपेक्षा लवकर पोचवतील."

शेठ म्हशीची शेपटी धरून काठाला आले. उतरल्यावर आधी म्हशीला हात जोडले, मग सरांना विचारलं, "मी पास का म्हैस पास?"

सरांनी दोघांना पास केलं. म्हणजे शेठना आणि गोविंदला.

* * *

राहिले मी. मला लिहिता येत नाही म्हणून तोंडी परीक्षा घेतली. सर म्हणाले, "आजी, उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासा दडून बसतो. शेपटीला विषारी काटा. पाण्यात कसं चालायचं?"

"पाय न उचलता, वाळूत फरफटत. म्हंजी त्याला चाहूल लागती, त्यो निघून जातो."

"बरोबर. आणि काटा लागलाच तर?"

"सोसंल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवायचा. आन् मग दवाखाना."

"पाणी किती गरम?"

चुलीवर पाणी होतंच. मी बादलीत घेतलं, विसणाचं गार पाणी घातलं, कोपर बुडवून बघितलं. "हे घ्या. बाळंतिनीच्या कंबरेला घालत्यात तेवढं. बाळाला यापेक्षा कोमट लागतं."

सरांनी थर्मामीटर बुडवला. काटा बरोबर हवा तिथं थांबला. तरी म्हणाले, "आजी, प्रथमोपचारात अंदाज चालत नाही. मोजता आलं पाहिजे. नापास."

पूनम भांडली. सर म्हणाले, "स्वयंपाकाला येऊ देत. पण पाण्यात पाय नाही."

* * *

तर मी समुद्र बघितला तो वाळूत बसून, चहाच्या पातेल्याशेजारी. चार पावलांवर लाटा येत होत्या. पूनम, शेठ आणि गोविंद होड्या घेऊन आत गेलेले. सरांना मागं राहिलेलं वल्हं त्यांच्याकडं पोचवायचं होतं. ते ढांगा टाकत पाण्यात शिरले, धप्प धप्प पाय उचलत.

मी हाक मारली, "सर, फरफटत."

त्यांनी हात हलवला. पुढच्याच पावलाला किंचाळले आणि खाली बसले. थर्मामीटर खिशातून गेला तो गेलाच.

"आजी, पाकट! या इकडं, हात द्या."

"मला पाण्यात पाय टाकायची परवानगी न्हाई, सर. तुमीच या."

आले बिचारे, लंगडी घालत. मी पाय धुतला, काटा आत राहिला नव्हता. चहाचं आधण मोठ्या पातेल्यात ओतलं, विसण घातलं, कोपर बुडवलं, आणि सरांचा पाय आत.

"आजी, फार गरम आहे. किती डिग्री असेल?"

"बाळंतिनी बी असंच म्हनत्यात. काढू नका."

अर्ध्या तासानं कळ उतरायला लागली. तोवर पूनम परतली, दवाखान्यात न्यायला गाडी काढायला धावली. सरांनी पाय पातेल्यातच ठेवून पिशवीतून माझा परीक्षेचा कागद काढला, 'नापास' खोडलं, वर 'पास' लिहिलं आणि शाईचा पॅड पुढं केला. मी अंगठा उमटवला.

सर कागदाकडं बघत राहिले. "आजी, हा अंगठा प्रशिक्षकाच्या सहीच्या जागी लागलाय."

"आसंल," मी म्हटलं, लुगडं खोचलं, आणि पाय फरफटत समुद्राकडं निघाले.