कोऱ्या पानावरचे अंगठे

आमच्या माळावर लांडगे आहेत, हे आम्हाला पुण्याच्या लोकांनी येऊन सांगितलं. म्हणजे लांडगे आम्ही जन्मापासून बघत आलो होतो, पण ते बघायला कुणी पैसे मोजेल असं गावात कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. भूमहून एसटीनं तासभर आत असलेलं आमचं गाव. चहूकडं कुसळाचं रान, काळवीट, खोकड आणि वर्षातले सात-आठ महिने पाण्याची बोंब. तिथं उघड्या हिरव्या जीपगाड्या येऊ लागल्या. दर गाडीमागं काही रक्कम गावाच्या विकासासाठी बाजूला ठेवायची असं ठरलं आणि त्यासाठी एक समिती झाली. समितीत एक महिला हवी होती आणि एक अल्पसंख्याक. मी एकटीच दोन्ही रकान्यांत बसत होते. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, अक्षर चांगलं. मला सचिव केलं.

पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, पहिलं काम हौदाचं. गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची नऊ घरं आहेत. ओढा आटला की त्यांना मेंढ्या पाण्यासाठी दोन कोस खाली तळ्यावर न्याव्या लागतात, वाटेत लोकांची पिकं लागतात आणि रोज भांडणं होतात. माळाच्या पायथ्याला एक हौद बांधला असता तर सगळं मिटलं असतं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणाल तसं." हा माणूस माझाच विद्यार्थी. गोड बोलण्यात तो चौथीपासून हुशार होता.

त्या नऊ घरांत सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणजे अक्का. मी त्यांना अक्का म्हणते, त्या मला बाई. त्यांच्या घरांत एक रीत आहे. लांडग्यानं कोकरू उचललं तर आरडाओरडा करतात, कुत्री मागं सोडतात, पण ओढ्यापर्यंतच. लांडग्यानं ओढा ओलांडला की कोकरू त्याचं झालं, पुढं कुणी जात नाही. मी एकदा विचारलं होतं, भरपाईचा अर्ज का करत नाही? अक्का म्हणाल्या, "त्याची बी पिलं असत्यात की बाई. समदंच आपलं कसं म्हणावं?" या माणसांनी ठरवलं असतं तर माळावर एक लांडगा उरला नसता, आणि जीपगाड्यांना बघायला नुसतं कुसळ राहिलं असतं.

दिवाळी झाली की ही घरं मेंढ्या घेऊन खाली ऊसपट्ट्याकडं निघतात. शेताशेतांत मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि उन्हाळ्याच्या शेवटाला परत यायचं. निघायच्या आदल्या दिवशी अध्यक्ष रजिस्टर घेऊन माझ्या दारात आला. "बाई, हौदाला त्यांची संमती लागंल. एकदा गेले की सात महिने हाती लागायचे न्हाईत. आत्ताच सह्या घेऊन ठेवा. मसुदा वरून यायचाय, आला की वर लिहून टाकू."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना माझीच चीड येते. पण आमच्याकडं रीतच ती आहे. पालकसभा असो, ग्रामसभा असो, सह्या आधी आणि ठराव सवडीनं. लोकांना शेतात जायचं असतं, त्यांना कशाला ताटकळत ठेवा, असं म्हणून आम्ही पान खाली भरतो आणि वर रिकामं ठेवतो. नोकरीभर मी हेच केलं. वर जे लिहिलं ते खरं लिहिलं, म्हणून त्या रीतीची मला कधी लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा घोड्यांवर बिऱ्हाडं चढली होती, कोंबड्या डालग्यात घालून वर बांधल्या होत्या. अक्कांनी रजिस्टर हातात घेऊन पानाकडं बघितलं. त्यांना वाचता येत नाही, पण कोरं पान कुणालाही कळतं.

"ह्याच्यात तर काईच लिवलेलं न्हाय."

"मागून लिहितील, अक्का. तुमच्या मेंढरांच्या हौदाचं आहे."

"तुमी हायत ना?"

"मी आहे की."

एवढं ऐकल्यावर त्यांनी अंगठा दिला. त्यांचा बघून बाकीच्या आठ घरांनी दिला. सगळ्यांखाली सचिव म्हणून मी माझी वळणदार सही केली.

त्यानंतर मुलीच्या बाळंतपणासाठी मी सोलापूरला गेले. तिची तब्येत बिघडली आणि माझा मुक्काम लांबत गेला. परत आले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. एसटीतून उतरले तर फाट्यावर भली मोठी कमान. तिच्यावर लाल फेट्याचा, खांद्यावर घोंगडी घेतलेला मेंढपाळ रंगवलेला, हातात कोकरू. मला वाटलं, चला, कुणाला तरी आठवण आहे. पुढं माळाच्या पायथ्याला गेले. पाण्याचा हौद झाला होता, पण तो माळाच्या बाजूनं मोकळा आणि आमच्या बाजूनं डोक्याइतक्या उंच जाळीचा. जाळीलगत पाहुण्यांना बसायला बाकडी. शेजारी पाटी: 'फक्त वन्यप्राण्यांसाठी. पाळीव जनावरांना सक्त मनाई.' कमानीवर कोकरू चालतं, पाण्यावर चालत नाही.

मी घरी न जाता पंचायतीत ठेवलेलं रजिस्टर बघायला गेले. कोऱ्या पानावर आता टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं की, खाली सह्या करणारे आम्ही मेंढपाळ स्वखुशीनं, पर्यटनाच्या आणि गावाच्या विकासाच्या हितासाठी माळावरची चराई कायमची सोडून देत आहोत. त्याखाली नऊ निळे अंगठे. त्याखाली मी.

अध्यक्षाच्या घरात मी चप्पल न काढता शिरले. तो म्हणाला, "बाई, आधी पाणी घ्या. विकास म्हटलं की कुणाला तरी थोडं सरकावं लागतं."

"तुला सरकायला सांगितलं का कुणी? तुझी दोन खोल्यांची लॉज माळाला लागूनच आहे ना?"

"धनगरांच्या बायकांना काम देणारच हावोत की. पाव्हण्यांसाठी भाकरी थापायच्या, घोंगडी घेऊन फोटोला उभं ऱ्हायचं." मग त्यानं आवाज आणखी मऊ केला. "आन् म्या काय खोटी सही केली का? सह्या तुमीच आणल्या."

मी पाणी न घेता बाहेर पडले. त्या दिवसापासून गावातला प्रत्येक फलक मला खुपतो. जीपमधला गाइड पाहुण्यांना सांगतो की हा माळ माणसांच्या जाचातून सोडवला आहे. ज्यांनी लांडग्याला कोकरू दिलं ती माणसं जाच, आणि ज्यांनी मेंढ्यांचं पाणी काढून घेतलं ते निसर्गप्रेमी.

उन्हाळ्याच्या शेवटाला मेंढ्या परतल्या. पाण्याचा वास लागताच सगळा कळप धावत सुटला आणि जाळीला नाकं लावून उभा राहिला. मी तिथंच उभी होते. चार लोकांदेखत अक्कांना सगळं सांगितलं, काय लिहिलंय आणि ते माझ्यामुळं कसं लिहिता आलं. "मेंढरं तानेली हायत," एवढंच त्या म्हणाल्या आणि कळप वळवून दोन कोस खाली तळ्याकडं निघाल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. ठराव फसवून घेतला आहे, तो रद्द करावा, माळ आणि पाणी मेंढ्यांना मोकळं करावं, यात माझीही चूक आहे. पान वरपासून खालपर्यंत भरून काढलं, अंगठ्यांपुरतीच जागा ठेवली. वरच्या वस्तीवर जाऊन सगळ्यांसमोर सावकाश वाचून दाखवला. पुरुष अक्कांकडं बघत राहिले. अक्कांनी कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घालून पिशवीत ठेवला.

"परवा भूमचा बाजार हाय. तितं कुनाकडून तरी वाचून घेते. मग देते अंगठा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दळण कधी टाकायचं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. बाजारच्या दिवशी त्या सकाळच्या एसटीनं भूमला गेल्या आणि कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या अनोळखी माणसाकडून तो कागद दोनदा वाचून घेतला. चार वाजता माझ्या दारात आल्या.

"तुमी वाचलं तसंच हाय बाई. पॅड आना."

मी पॅड आणलं. त्यांनी अंगठा उमटवला, पदराला पुसला आणि वस्तीवर निघाल्या. बाकीच्या आठ घरांचेही अंगठे झाले. अर्ज अजून वरच्या कचेरीत पडून आहे, जाळी जागेवर आहे, आणि मी आठवड्याला एक स्मरणपत्र लिहिते. अध्यक्षाचा राग मला येतो, पण त्या रागाची सवय झाली. बत्तीस वर्षं ज्या गावाला मी वाचायला शिकवलं, तिथल्या एका बाईला, मी खरं वाचून दाखवलं की नाही हे बघायला तिकीट काढून भूमला जावं लागलं. अक्कांनी केलं ते बरोबरच केलं, आणि ते बरोबर होतं याचाच मला सगळ्यांत जास्त संताप येतो.