अस्वल दिसलं का?

चाळीस वर्षं मी अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात लोकांचे डोळे तपासले, आणि घरातले दोन तेवढे हातून निसटले. बायकोच्या नजरेच्या मधोमध एक काळा डाग बसला आहे. इंजेक्शनं झाली, मग त्यांचाही उपयोग होईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

उरलेली नजर जायच्या आत तिला एकदा पांढरं अस्वल बघायचं होतं. बर्फावरचं, मोकळं. अस्वलच का, हे मी विचारलं नाही. ती वीस वर्षं पॅरिस मागत होती तेव्हाही विचारलं नव्हतं. शेवटी मुलीने बुकिंग केलं आणि आम्ही अलास्कातल्या नोमहून बोटीत चढलो.

पहिले चार दिवस धुकं. पाचव्या दिवशी किनाऱ्यावर वॉलरस पडलेले होते. मला ते मार्केट यार्डातल्या पोत्यांसारखे वाटले. तिलाही पोतीच दिसली, म्हणजे त्या दिवशी आमची नजर सारखी होती.

सहाव्या दिवशी जेवणाआधी स्पीकरवरून गाईडने हळूच सांगितलं, उजव्या बाजूला अस्वल आहे. सगळे डेकवर जमले. तिथे बोलायचं नाही असा नियम. मी तिला कठड्याशी उभं केलं, दुर्बीण दिली आणि पेशंटना सांगायचो तसं कानात सांगितलं, की सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दिसलं."

आमच्या लग्नात भटजींनी भर दुपारी ध्रुव दाखवला होता आणि आम्ही दोघांनीही "दिसला" म्हटलं होतं. आवाज तोच होता.

गाडीच्या लायसन्ससाठी अक्षरांचा तक्ता पाठ करून येणारे म्हातारे मी जन्मभर पकडत आलो. सवयीने विचारलं, किती आहेत. ती म्हणाली, एक. मी "बरोबर" म्हटलं. तेवढ्यात स्पीकर पुन्हा पुटपुटला, आई आणि दोन पिल्लं.

तिने दुर्बीण खाली केली.

"मला काही दिसत नाही हो. तुम्ही सांगा. आणि रिपोर्ट देऊ नका, नीट सांगा."

मला वर्णन जमत नाही. फोनवर कोणी काहीही विचारलं तरी मी "ठीक आहे" म्हणतो. पण सांगायला लागलो. रंग पांढरा नाही, जुन्या धोतरासारखा पिवळट आहे. आई थांबून थांबून हवा हुंगते. एक पिल्लू तिच्या पायात पायात येतंय, दुसरं घसरून पडतंय आणि उगाच पुन्हा चढतंय. शेजारच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मी थांबलो नाही. बायको हसली आणि मला रडू आलं. ते मी थंडीवर खपवलं.

अस्वलं बर्फाच्या उंचवट्यामागे गेली. मी सांगतच राहिलो. पिल्लू बसलं, आईने वळून पाहिलं. जिन्यावरचे बुटांचे आवाजही हळूहळू थांबले.

"सगळे जेवायला गेले, अहो," ती म्हणाली. "अस्वलंही गेली असतील."

मी हो म्हटलं.

"असू दे. सांगा पुढे."