रिकामं पाणी

काचेची नळी भरली की डोमाजी तिला करंगळीच्या नखानं टिचक्या मारत बसायचे. आतला बुडबुडा वर चढेपर्यंत प्राचार्य दारात उभे राहिले तरी ते मान वर करत नसत.

गोंदियाच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा परिचर होते. माझ्या प्रकल्पातल्या नळ्या तेच भरत. नळीचं टोक इतकं बारीक, की त्यातून डीएनएचा एकच धागा जावा. आतबाहेर मिठाचं पाणी, त्यातून वीज वाहते. धागा भोकातून गेला की वीज क्षणभर अडते आणि पडद्यावरच्या सरळ रेषेला खड्डा पडतो. त्या एका खड्ड्यासाठी मी तीन वर्षं घासत होते.

"मॅडम, मी रिटायर व्हाच्या आधी मले एकडाव दाखवजा," डोमाजी म्हणायचे.

एका दुपारी खड्डे पडले, तेही ओळीनं. मी लगेच अहवाल लिहायला बसले. डोमाजी मात्र दुसरी नळी भरू लागले.

"आता कायले?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"आधी रिकामं लावून पाहा जी."

रिकामं म्हणजे डीएनए न घातलेलं नुसतं मिठाचं पाणी. लावलं, तर त्यातही तसेच खड्डे. सगळे बुडबुडे! "माह्याच हाताची चूक हाय," डोमाजी म्हणाले. मला इतका राग आला, की दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

खड्डा न बघताच ते रिटायर होऊन आपल्या गावी, चिचगडला गेले आणि वर्षभरात अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले तेव्हा प्रयोग करून करून मीही पार थकले होते. त्यांचा हात हातात घेऊन सरळ खोटं बोलले, "डोमाजी, पडला बरं का खड्डा. खरा."

त्यांचा चेहरा उजळला. मग हळूच म्हणाले, "रिकामं लावलं होतं?"

मी त्यांच्या करंगळीच्या नखाकडे बघू लागले.

"मंग काऊन सांगून राहिल्या जी?" ते हसले आणि माझ्या तळहातावर नखानं एक टिचकी मारली.

आठ दिवसांनी ते गेले.

प्रकल्पाची मुदत संपताना एक सहकारी म्हणाला, "ते जुने खड्डे टाका अहवालात. कोण तपासतंय?" मी टाकले, आणि खाली लिहिलं, 'रिकाम्या पाण्यातही असेच पडले.' मुदतवाढ मिळाली नाही. शेवटच्या नळ्या धुऊन कपाटात ठेवताना डोमाजींची फार आठवण आली.