साळिंदराची आई काय म्हणाली

आमच्या शाळेच्या जुन्या मुलांनी मोबाइलवर एक गट काढलाय. सगळे साठीच्या पुढचे, गुडघे धरून बसणारे. कुणाचं भांडण मिटलं, कुणाची लेक माहेरी आली, की तिथे हमखास एक वाक्य येऊन पडतं, "टोचतंय तं टोचू दे, ये." खाली दहा जण हसरी तोंडं टाकतात आणि कुणीतरी लिहितं, काय सिनेमा होता राव तो! शाळेत दाखवलेला, चित्रांचा, साळिंदराच्या कुटुंबाचा. एकाचा मुलगा घर सोडून गेला होता, त्याला म्हणे हेच वाक्य लिहून पाठवलं आणि तो आला. एकीने नातीच्या बारशाला गोधडीवर साळिंदर शिवून घेतलं. मी हे सगळं वाचते आणि फोन पालथा घालून ठेवते. माझ्या पोटात दुखतं. पन्नास वर्षं होत आली, तरी दुखतंच.

कारण ते वाक्य सिनेमात नव्हतं. ते माझ्या बाकावरच्या मुलीचं होतं. आणि हे आज फक्त मला ठाऊक आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी सातवीत होते. आमची शाळा भिवंडीत, निजामपुऱ्यात, तिन्ही बाजूंनी कापड विणणारे लूम. खडखडाट इतका की आम्ही भिवंडीची माणसं आजही घरात ओरडूनच बोलतो, पाहुण्यांना वाटतं काय बाई भांडणं यांच्याकडे. कारखान्यात तर ओरडूनही भागत नाही. तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. मुकादम दारातून नुसते ओठ हलवतो आणि चार लूम पलीकडचा कारागीर मान डोलावतो.

ती मुलगी जवळच्याच वळ गावची. बापाला लूमवर काम लागलं म्हणून ते कुटुंब गाव सोडून आमच्या गल्लीत आलं होतं. दुपारच्या सुट्टीत ती बापाचा डबा घेऊन कारखान्यात जायची, त्यामुळे ओठ वाचण्यात तिचा हात कुणी धरला नसता. हेडमास्तर व्हरांड्याच्या त्या टोकाला शिपायाशी बोलत असले, तरी ही इथे बसून सांगायची, उद्या सुट्टी हाय. आणि उद्या खरंच सुट्टी असायची.

आणि मी? मी शाळेचं तोंड होते. प्रार्थना मी सांगायचे, पाहुण्यांचं स्वागत मी करायचे, वक्तृत्वाचा पेला आमच्या कपाटावर. वडील पोस्टात, घरात शुद्ध बोलायचा दंडक. 'ण'चा 'न' केला तर जेवताना ताटावरून उठवतील, असा माणूस. तिला साधं 'आहे' म्हणता यायचं नाही. मी तिला दिवसातून दहादा सुधारायचे, ती हसून मान हलवायची आणि पुढच्याच वाक्याला 'न्हाय' म्हणायची. माझ्या डब्यातला शिरा ती खायची, तिच्या डब्यातली सुकटीची चटणी मी घरी न सांगता खायचे. ती माझी होती. मी तिला वळण लावतेय, अशी माझी समजूत होती, आणि ती समजूत मला फार आवडायची.

मग एक दिवस फिरत्या सिनेमाची गाडी आली. दोन दिवस मुक्काम, दोन खेळ. पहिला आम्हा मुलांसाठी, दुसरा पाहुणे आणि पालकांनाही बोलावून. मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना काळी कापडं लावली आणि भिंतीवर लूमवरचं कोरं कापड ताणून बसवलं. सिनेमा परदेशी. बर्फ, काळी झाडं, आणि साळिंदरं. आई, बाप, आजोबा आणि चार पिल्लं. चित्रं अशी सुंदर की पहिली पाच मिनिटं कुणी हू का चू केलं नाही. पण दिवसपाळी जोरात चाललेली. गाडीवाल्याने आवाज वाढवून वाढवून यंत्राचा घसा बसवला, तरी आम्हाला लूमशिवाय काही ऐकू येईना. तो हात झटकून बाजूला झाला. पोरं चुळबुळायला लागली.

आणि माझ्या कानाशी ती बोलायला लागली. हलक्या आवाजात, पडद्यावरची नजर न काढता. "आजोबा बोलतंय, यंदा थंडी लय हाय, समदी चिकटून निजा." धाकटं पिल्लू मधे घुसलं, त्याचे काटे सगळ्यांना टोचले, बापाने त्याला लाथ घातली. "बाप बोलतंय, सरक तिकरं, जीव घेतो का काय." मी खुदकन हसले. खोटं कशाला सांगू, इतकं सुख मला पुढे फार थोड्या वेळा मिळालं. अंधारात माझ्या एकटीच्या कानात एक अख्खा सिनेमा चालला होता.

पुढच्या बाकावरच्या दोघी वळल्या. आम्हाला पण सांग ना गं. मग त्यांच्या पुढच्या. मग मुलांच्या बाजूने ओरडा झाला, मोठ्यांदा बोल. ती बाकावर उभी राहिली आणि लूमवर बोलायची सवय असलेल्या त्या गळ्याने सुरू झाली. आजोबाचा घोगरा आवाज, पिल्लाचा चिरका, बाप तर हुबेहूब आमच्या गल्लीतला मुकादम. पोरं पोट धरून हसत होती. धाकटं पिल्लू रुसून बर्फात निघून गेलं तेव्हा मात्र वर्ग चिडीचूप. आई त्याला शोधत शोधत गेली. ते एका खडकाखाली अंगाचं मुटकुळं करून बसलेलं, काटे बाहेर. आईने तोंड उघडलं, आणि बाकावरून आवाज आला, "टोचतंय तं टोचू दे, ये."

सगळा वर्ग रडला. गणिताच्या बाई रडल्या. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. माझ्या कानातली गोष्ट तिने सगळ्या शाळेला वाटून टाकली होती, आणि तीही मी रोज खोडून काढत होते त्या बोलीत. माझ्या भाषणाला टाळ्या पडायच्या. पण माझ्यामुळे कधी कुणी रडलं नव्हतं.

खेळ संपल्यावर पोरांनी तिला गराडा घातला. वर्गबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की उद्या पाहुण्यांसमोर हीच कर्णा घेऊन उभी राहील. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ती धावत माझ्याकडे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, उद्यासाठी मना तुझा पांढरा फ्राक देशील? मी हो म्हटलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण हो म्हटलं.

शाळा सुटल्यावर मी वर्गबाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. मी शेजारी बसून शेंगा सोलू लागले, फार लाघवी होते मी, आणि सोलता सोलता सांगितलं की बाई, ती खोटं बोलतेय. सिनेमा इंग्रजी आहे. तिला इंग्रजीत सात मार्क आहेत. ती मनानेच काहीतरी जुळवते आणि ओठ वाचले म्हणून सांगते. आणि उद्या पाहुणे येणार, त्यांच्यापुढे हाय-न्हाय बरं दिसेल का? यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. चहाडीत तीच गंमत असते. बाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. गाडीबरोबर गोष्टीचा मराठी सारांश आलाय, तो तूच वाच म्हणाल्या. मी उड्या मारत घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला पुढे बोलावलं. रागावल्या नाहीत, उलट समजुतीनेच विचारलं, अगं, ती चित्रं इंग्रजीत बोलतात, तू कसे त्यांचे ओठ वाचलेस? ती गोंधळली. तिला खरंच वाटत होतं की ती वाचते आहे. मुकादमाचे हिंदी ओठ कळतात, तशी साळिंदरंही कळली, त्यात काय एवढं. ती म्हणाली, "मना तं मराठीच दिसलं, बाई." वर्गात हशा पिकला. काल जी पोरं रडली तीच आज बाक बडवून हसत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं.

मग मी पांढरा फ्रॉक घालून, कर्णा घेऊन पाहुण्यांसमोर उभी राहिले. उच्चार खणखणीत. आई पिल्लापाशी पोचली तेव्हा मी वाचलं, "बाळा, कुटुंबातील एकी हेच खरे बळ होय." पाहुण्यांनी मान डोलावली. आणि मागून एक पोरगा ओरडला, टोचतंय तं टोचू दे! मग दुसरा, मग सगळे. ती भिंतीला टेकून बसली होती, तिने तोंड उघडलं नव्हतं, पण अख्खी खोली तिच्या बोलीत बोलत होती. मी वाचत राहिले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. माझ्याकडे बघून हसणारी ती सगळी तोंडं मला आजही दिसतात.

सुटल्यावर ती हापशाशी भेटली. मला वाटलं, आता ही भांडणार, आणि भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पाणी पिऊन तोंड पुसत म्हणाली, "आज त्यांचे ओठ नुसते हलत व्हते गं. मना काय दिसलंच न्हाय." तक्रार अशी नव्हती. हरवलेली पेन्सिल शोधावी तशी बोलली. आठवड्याभराने मी तिच्याबरोबर कारखान्याच्या दारापर्यंत गेले, तर बाप आतून काहीतरी म्हणाला आणि तिने दोनदा 'काय?' विचारलं. मग आत जाऊन त्याच्या तोंडाशी कान नेला. तिला ऐकू नीट आलं नसेल, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ऐकू तर तिथे कुणालाच येत नव्हतं.

सातवी संपली आणि ते कुटुंब वळला परत गेलं. पुढे तिचं लग्न अंबाडीला झाल्याचं कळलं. मी शिक्षिका झाले, चाळीस वर्षं मुलांना 'हाय' नाही 'आहे' शिकवलं. आणि ती सातवीची पोरं मोठी होऊन तो सिनेमा डोक्यावर घेऊन नाचत राहिली. हळूहळू सगळे विसरले की ते कोण बोललं होतं. सिनेमाच मराठी होता म्हणून शपथेवर सांगतात. गेल्या वर्षी एकाच्या नातवाने तो खरा सिनेमा इंटरनेटवर शोधून काढला. गटात सगळे नाराज, हा तो नव्हेच. मी मात्र पूर्ण पाहिला. त्या खडकाजवळ साळिंदराची आई काहीच बोलत नाही. तिच्या उघड्या तोंडातून नुसती वाफ येते.

ते पाहिलं आणि मला राहवेना. वाड्याकडे जाणाऱ्या एसटीत बसून अंबाडीला गेले. माफी मागायला गेले असं म्हणणार नाही. तिला काय काय आठवतंय, ते बघायचं होतं. चोराच्या मनात चांदणं. ती पडवीत वाल निवडत बसली होती. जाड झालेली, केस पांढरे, हसणं तेच. तिने मला लगेच ओळखलं, चहा टाकायला सांगितला, गुडघ्यांची चौकशी केली. मी सिनेमाचं नाव काढलं तर म्हणाली, साळिंदरं व्हती न्हवं? फुडचं काय आठवत न्हाय, तूच सांग.

मग मी सांगितलं. तिचीच वाक्यं, तिच्याच बोलीत. आजोबाचा घोगरा आवाज, मुकादम झालेला बाप, सगळं. शुद्ध बोलणारी मी, तिच्या पडवीत बसून 'हाय-न्हाय' करत होते आणि एकही शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. खडकापाशी आले तेव्हा पदराने डोळे पुसायला लागली. माझ्यामुळे कुणी रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कसं गं तुना समदं ध्यानात ऱ्हायलं," ती म्हणाली. "तवा पन तूच बोललीस ना, फुडं उभी ऱ्हाऊन? पांढरा फ्राक व्हता तुझा. पोरं कशी हसत व्हती."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"हो," मी म्हणाले, "मीच."

तिने आत हाक मारून सुनेला बाहेर बोलावलं आणि अभिमानाने सांगितलं, ही बघ माझी मैतरीन, सिनेमात बोललेली. सून पदर सावरून माझ्या पाया पडायला वाकली. मी पडू दिलं.